मोखाड्यात फुटलेला कंडेन्सर

शालूताई,

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख दे, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. मला लिहायची सवय नाही. पेपरात उत्तरं लिहिते तेवढंच. नंतर मीच परत गेले आणि म्हटलं, शालूताईवर लिहीन. सर म्हणाले, जन्म, गाव, शिक्षण यापासून सुरुवात कर. तशी सुरुवात मी दोनदा केली आणि दोन्ही कागद फाडले. तुझं माहेर कुठलं हेसुद्धा मला तुझ्या नवऱ्याला, अण्णांना विचारावं लागलं असतं. तू कशाने गेलीस, ते जव्हारात सगळ्यांना माहीत आहे. तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. मला जे लिहायचं आहे ते यातलं काहीच नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती लिहायची आहे.

मी तुला 'तू' म्हणते, हे वाचणाऱ्यांना खटकेल. आमच्या सूर्यमाळला आईला, आजीला, पाड्यातल्या म्हाताऱ्यांना सगळ्यांनाच तू म्हणतात. कॉलेजात आल्यावर मी 'तुम्ही' शिकले आणि तुझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा तेच वापरलं. तू मागे वळून बघितलंस आणि विचारलंस, "माझ्या मागं कोण उभं आहे काय गं?"

त्या दिवशी मी खरं तर दहा मिनिटं दुकानाबाहेरच उभी होते. फिजिक्सच्या प्रयोगाला कपॅसिटर हवा होता आणि लॅबचा डबा रिकामा होता. डेपोजवळ व्हिडिओ गेमचं दुकान आहे, तिथे मिळेल, असं लॅबमधल्या मामांनी सांगितलं होतं. पण दुकानात सगळी पोरंच होती. कपाटाएवढी दोन लाकडी मशीनं, एक विमानाचं, एक मारामारीचं. मारामारीच्या मशीनपुढे गर्दी. विमानाचं मशीन भिंतीपासून ओढून बाहेर काढलेलं आणि त्याच्या पाठीत तू कमरेपर्यंत शिरलेली. उजव्या हातात टाके घालायची सोल्डरची गन, डावा हात पाठीमागे, खोचलेल्या पदरात अडकवलेला. मला वाटलं, तुझ्या हाताला काही लागलं असेल.

अण्णा बाहेरच्या बाजूला स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. तू आतून ओरडत होतीस, "करंगळीएवढा. काळा. त्याच्या शेजारी वालाचा दाणा."

अण्णा म्हणाले, "डोकं फुगलंय कुणाचं?"

"करंगळीचं."

"मग करंगळी काढ. वालाला हात लावू नको."

मला यातलं काहीच कळलं नाही. नंतर कळलं. दुकान अण्णांनी सुरू केलं होतं, मशीनंही त्यांनीच दुरुस्त करायची. साखरेने त्यांची नजर गेली तेव्हा कल्याणचा मेकॅनिक जव्हारला यायला तयार होईना. म्हणून तू आत शिरलीस आणि जे दिसतं ते अण्णांना सांगू लागलीस. कंडेन्सरवरचे आकडे आणि इंग्रजी अक्षरं तुला लागत नव्हती. तू आकाराने सांगायचीस. उडीद, वाल, करंगळी, अंगठा. बिघडलेल्याचं डोकं फुगतं, ते ऐकून अण्णा सांगायचे, कोणता काढायचा. नवा बसवताना तू डब्यात हात घालून त्याच मापाचा शोधायचीस. पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात, तू कंडेन्सर म्हणायचीस. डावा हात मागे ठेवायचा कारण अण्णांची शिकवण होती: बंद मशीनमध्येही पिक्चर ट्यूब करंट धरून ठेवते, दोन्ही हात आत असले तर तो छातीतून जातो.

"कुठली गं बाय तू?" तू विचारलंस.

"सूर्यमाळची."

"इतक्या लांबून कंडेन्सर घ्यायला आलीस?"

पोरं हसली. त्या दिवसापासून माझं नाव शेवंता राहिलं नाही, तू मला सूर्यमाळ म्हणायला लागलीस. "ए सूर्यमाळ, आज कालेज नाही काय?" "ए सूर्यमाळ, हा नंबर वाच."

नंबर वाचण्यावरूनच आपलं पहिलं भांडण झालं. कल्याणहून नव्या कंडेन्सरची पिशवी आली होती. तू एक उचलून अण्णांच्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालीस, "फसवलं मेल्यांनी. अंगठा मागितला, वाल दिला." मी आकडे वाचले. तोच शंभरचा आकडा, तेच पन्नास व्होल्ट. मी म्हटलं, ताई, आता कंपन्या लहान करतात, आकार बघायचा नाही, आकडा बघायचा. तू मानायलाच तयार नव्हतीस. गेली पाच वर्षं तू मापाला माप लावून बसवत आली होतीस. म्हणजे काही ठिकाणी भलताच आकडा बसला होता. विमानाच्या मशीनचं चित्र वर्षभर वरून दबलेलं का, हे मला तेव्हा समजलं.

मी बरोबर आकड्याचा वाल तुझ्या हातात दिला. तू तो लावलास, मशीन चालू केलंस. चित्र ताणून वर आलं. तू बराच वेळ पडद्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "बरं, तुझं खरं. पण माझंही काही खोटं नाही. पाच वर्षं पोरं खेळली ना याच्यावर?"

मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही. मी वाचलेलं काही खरंच कुणाच्या कामी येतं, हे मी पहिल्यांदा बघितलं ते तुझ्या दुकानात. वर्गात मी बोलत नसे. माझे उच्चार ऐकून मागच्या बाकावरून हसायचे. तुझ्याकडे मी मोठ्याने आकडे वाचायचे आणि दोन माणसं कान देऊन ऐकायची. घरी जायची मोखाड्याची एसटी येईपर्यंत मी तुझ्याकडेच बसायचे. एसटी चुकली तरी मला फारसं वाईट वाटायचं नाही.

दुसरं भांडण मिटलंच नाही. मी पुस्तकात वाचलं होतं की, कंडेन्सरच्या आत ओल्या कागदाची गुंडाळी असते, काही वर्षांनी ती वाळते, आणि उष्णतेने लवकर वाळते. एक वाळला तर त्याच्याबरोबरचे बाकीचेही वाळत आले असणार. म्हणून सगळे एकदम बदलावेत. तुझं म्हणणं, जो चालतोय त्याला हात लावायचा नाही. "दहा निरोगी काढून दहा नवे टाकायचे, आणि त्यातला एक बिघडलेला निघाला म्हणजे? माझ्या डोळ्यांनी ओळखीचे आहेत ते सगळे." मी मागे सरांना विचारलं, कुणाचं बरोबर? ते म्हणाले, दोघींचं. हे उत्तर मला आवडलं नाही. मला अजूनही सगळे एकदम बदलावेत असंच वाटतं. तू असतीस तर आजही भांडले असते.

त्या वर्षी मोखाड्याच्या बोहाड्याला विमानाचं मशीन न्यायचं ठरलं. रात्री मुखवटे नाचतात, पण बाजार दुपारपासून भरतो आणि लांबलांबच्या पाड्यांवरची माणसं येतात. तिथे मशीन बंद पडून चालणार नव्हतं. मी पुन्हा तोच हट्ट धरला, सगळे अकरा बदलू. तू कधी नव्हे ते हो म्हणालीस. तू म्हणालीस, "चल, एकदा पुस्तकाचं करून बघू."

त्या दिवशी सकाळी तुला अण्णांना घेऊन दवाखान्यात जायचं होतं. जाताना तू मला तुझी पद्धत सांगितलीस. एक काढायचा, त्याच जागी लगेच नवा बसवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. जुना निघाला की तो कोणत्या बाजूला तोंड करून होता ते हातात असतानाच बघायचं. कंडेन्सरला एका बाजूला पांढरा पट्टा असतो, ती मायनसची बाजू. उलटा बसला तर तापतो आणि फुटतो. "दोन बदल, जास्त नको. बाकी मी आल्यावर."

मी सहा काढले. एकदम. गन तापलेली होती, काम भराभर होत होतं, आणि वहीत मी नकाशा काढला होता. कुठे कोणता आकडा, सगळं लिहिलं होतं. बाजू लिहिली नाही. बोर्डावरच प्रत्येक कंडेन्सरच्या जागी गोल छापलेले असतात आणि त्यांचा अर्धा भाग पांढरा रंगवलेला असतो. मारामारीच्या मशीनच्या बोर्डावर पांढरा अर्धा म्हणजे मायनस, हे मी स्वतः बघितलं होतं. सहापैकी पाच जागांवर शेजारी अधिकचं चिन्हही होतं, गोलाकडे न बघता नुसतं ते बघून बसवले. एका जागेवर, कोपऱ्यात, चिन्ह नव्हतं, नुसता अर्धा पांढरा गोल. तिथे मी पांढऱ्याला पांढरं जुळवलं.

तू आलीस, सहा झालेले बघून नुसतं "हं" केलंस आणि उरलेले पाच एकेक करून बदललेस. मशीन चालू झालं. चित्र इतकं स्वच्छ की, विमानाच्या पंखांवरच्या रेघा दिसल्या. अण्णांनी आवाजावरून ओळखलं. "घुमत नाही आता," ते म्हणाले. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. ती थाप मला अजून आठवते आणि आठवली की बरं वाटत नाही.

मोखाड्याला टेम्पोतून गेलो, मशीनखाली गोधडी घालून. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी लवंगी फुटल्यासारखा आवाज आला आणि मागच्या जाळीतून धूर आला. वासाने डोळ्यांत पाणी. कुणाला लागलं नाही. एक पोरगा ओरडला, "ताई, विमान खरंच फुटलं!" आणि सगळा घोळका हसला. तूही हसलीस आधी. मग पाठ उघडलीस. आत कागदाचा कापूस पसरला होता. कोपऱ्यातल्या त्या जागेवर कंडेन्सरचे नुसते दोन पाय आणि पांढऱ्या पट्ट्याचा तुकडा उरला होता, टोपी लाकडाला चिकटली होती. तू टोपी उचललीस, पट्टा बघितलास, जागा बघितलीस.

"उलटा बसलाय," तू म्हणालीस. आणि लगेच, मी तोंड उघडायच्या आत, "घाईत होते मी त्या दिवशी. दवाखान्यातून आले, डोकं ठिकाणावर नव्हतं. माझाच हात चुकला."

मी बॅटरी धरून उभी होते. तो कोपरा माझा होता. अकरा सारख्याच नव्यांत कोणता कुणी बसवला ते फक्त माझ्या वहीत होतं; ते पान दप्तरात होतं, बघायचीही गरज नव्हती. त्या बोर्डावर पांढरा अर्धा म्हणजे प्लस होता, हे मला तिथेच कळलं. मी काही बोलले नाही.

का बोलले नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तू रागावशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, आता माझ्या वाचण्यावर तुम्हा दोघांचा विश्वास राहणार नाही. परत लॅबचा डबा आणि मागचा बाक. शेजारच्या भजीवाल्याने तेवढ्यात म्हटलंच, "बाई, तुम्ही आपली आमच्यासारखी भजी तळा. हे काम बाईमाणसाचं नव्हे." तू त्याला म्हणालीस, "तुझी भजी कच्ची असतात, ती आधी बघ." माणसं हसली. पण परत येताना टेम्पोत तू सारखी स्वतःच्या हातांकडे बघत होतीस.

जव्हारात गोष्ट आपल्या आधी पोचली होती. शालूच्या हातून मशीन फुटलं. लोक रेडिओ, टीव्ही तुझ्याकडे आणायचे ते कमी झाले. आणले तरी तू म्हणायचीस, "नको, नाशिकला न्या." गन तू फडताळात ठेवून दिलीस. विमानाच्या मशीनवर चादर पडली. मारामारीचं चालत होतं तोवर चाललं. तुला कुणी हाकललं नव्हतं, तूच तुझ्या हातावरचा विश्वास काढून घेतलास.

मधे एकदा, माझ्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, तू दोन्ही हात माझ्यापुढे धरलेस. "सूर्यमाळ, तू शिकलेली आहेस. माझ्या हाताला काय झालं असेल गं? थरथरतात काय बघ."

हात थरथरत नव्हते. मी सांगू शकले असते. दुकानात आपण दोघीच होतो. मी म्हटलं, "डोळ्यांचं असेल ताई. चष्मा बदलून बघ."

तू पुढच्याच आठवड्यात डोळ्यांच्या शिबिरात गेलीस आणि नवा चष्मा आणलास. मला दाखवलास. म्हणालीस, छान दिसतं आता. मी म्हटलं, शोभतो तुला.

तू गेल्यावर मी अण्णांना भेटायला दोनदा गेले आणि दोन्हीदा माणसं होती. मागच्या रविवारी ते एकटेच होते. स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून. मी बसले आणि सगळं सांगितलं. सहा एकदम काढले ते, अर्धा पांढरा गोल, वही, सगळं.

अण्णा म्हणाले, "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"तिने बोर्ड माझ्या मांडीवर ठेवला. मी मागून बोट फिरवलं. तिचा टाका थेंबासारखा असतो, गुळगुळीत. फुटलेल्याचा टाका हाताला फणसासारखा लागला. तो तुझा."

"मग तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

डेपोतून एक गाडी निघून गेली, तिचा आवाज संपल्यावर ते बोलले. "त्याच्या आदल्या वर्षी तिला ट्यूबचा करंट लागला होता. दारापर्यंत फेकली गेली. मी नुसता आवाज ऐकला. उठून जायचं तर कुठे, ते दिसत नाही. हाका मारत बसलो, ती ओ देईना. नंतर दिली. तेव्हापासून ती आत शिरली की मी कान लावून बसायचो. ती मोखाड्याहून आली आणि म्हणाली, माझा हात चुकला, आता मी हे करणार नाही. मी म्हटलं, बरं झालं. सुटली."

अण्णांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"पण ती सुटली नाही गं शेवंता. चष्मा आणला तेव्हा म्हणाली, स्वच्छ दिसतं हो, पण हात लावायची हिंमत होत नाही. तेव्हा तरी बोलायचं होतं मी."

"मीच तिला चष्मा आणायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे. तिने सांगितलं होतं. सूर्यमाळने सांगितलंय म्हणाली, म्हणजे तसंच असणार."

अण्णांनी मला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. माफ करणं त्यांच्या हातात नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते म्हणाले, "आपण दोघांनी एकमेकांना सांगितलं. तिला कुणी सांगितलं नाही. आणि गाव अजून तेच बोलतं."

म्हणून हा लेख. सरांनी कच्चा मजकूर वाचला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "शेवंता, हा अंक जव्हारात घराघरांत जातो. तुझं नाव घालून हे छापायचं आहे का? नुसत्या आठवणी लिहिल्यास तरी चालेल." मी म्हटलं, घरोघरी जातो म्हणूनच लिहिलंय.

तुझ्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. परीक्षेच्या दिवसांत तू मला मागच्या फळीवर अभ्यासाला बसवायचीस आणि पोरांना दटावायचीस, हळू मारामारी करा रे. प्रॅक्टिकलला मी आजही डावा हात मागे ठेवते. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? तेव्हा मी फक्त "जव्हारला शिकले" एवढंच म्हटलं, तुझं नाव घेतलं नाही. तेही राहिलंच. आता कुणी विचारलं तर घेईन.

काल मी आणि अण्णांनी चादर काढली. ट्यूबचा करंट आधी उतरवला, तू उतरवायचीस तसा. बोर्ड काढून मी अण्णांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी मागून बोटाने एकेक टाका शोधला आणि मी पुढून आकडा आणि पट्टा वाचला. अकराही जागा दोनदा बघितल्या. मीटर लावून उरलेला प्रत्येक कंडेन्सर तपासला.

ज्यांनी बोहाड्यात ते बघितलं, ज्यांनी नंतर ऐकलं, आणि ज्यांनी त्यामुळे आपला रेडिओ दुसरीकडे नेला, त्यांच्यासाठी स्पष्ट लिहिते. मोखाड्यात फुटलेला कंडेन्सर मी, शेवंताने, बसवला होता. उलटा. शालूताईने त्या दिवशी पाच बसवले. पाचही सुलटे आहेत आणि पाचही अजून चांगले आहेत.